ड्रमऐवजी डिस्क: एका जुन्या सीजे-३बी जीपच्या ब्रेकबदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विलीसची सीजे-३बी जीप १९५३ मध्ये बाजारात आली आणि १९६८ पर्यंत बनत राहिली. या लेखातली गाडी त्याच घडणीची आहे. मालक, गॅरेज आणि गाव यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. यांत्रिक तपशील मात्र होते तसे ठेवले आहेत.

या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, ८० इंच, म्हणजे दोन मीटरांहून किंचित जास्त. चारही चाकांना ९ इंच व्यासाचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारी डबी; तिला आतून घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, लावलेले शू दाबून चाक थांबवतात) असून मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा सिलेंडर, चालकाच्या पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या बाजूला चासीवर बसवलेला असतो. हा मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा असल्यामुळे चारपैकी कोणत्याही एका चाकाचा पाइप फुटला किंवा व्हील सिलेंडर (चाकातला, शू ढकलणारा सिलेंडर) गळू लागला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या टोकाला बसवलेल्या स्वतंत्र ड्रमवर चालतो आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, धरून ठेवतो. मागचे ब्रेक बदलायचे की नाही, हे ठरवताना ही शेवटची गोष्ट उपयोगी पडली.

मालकाने गाडी विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला मोठे टायर चढवलेले होते. मूळ टायरचा व्यास सुमारे २८ इंच, तर चढवलेल्यांचा ३१ इंच. दिसायला हा फरक किरकोळ आहे. ब्रेकच्या दृष्टीने तो तसा नाही, कारण ड्रमने निर्माण केलेला टॉर्क तेवढाच राहतो आणि चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर मिळणारे रोधबल त्या प्रमाणात घटते. इथे ही घट जवळजवळ एक दशांश होती. म्हणजे ब्रेक अगदी नव्यासारखे असते, तरी गाडी मूळ गाडीसारखी थांबली नसती.

अडचण

मालकाच्या तक्रारी चार होत्या. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. पेडल पहिल्या दाबाला खोल जायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर यायचे. लांब उतारावर पेडल कडक लागत असूनही गाडी थांबेनाशी व्हायची. आणि पाण्यातून गाडी काढल्यावर पुढचा बराच वेळ ब्रेक जवळपास नसल्यासारखेच असायचे. गॅरेजमध्ये येतानाच त्याने निर्णय घेऊन टाकला होता: चारही चाकांना डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटली जाणारी उघडी चकती, बसवायच्या.

गॅरेजच्या मुख्य मेकॅनिकने हे काम लगेच अंगावर घेतले नाही आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता. या चार तक्रारींपैकी कोणत्या ड्रमच्या जातीच्या आहेत आणि कोणत्या देखभालीच्या अभावाच्या, हे वेगळे केल्याशिवाय बदल करायचा नाही, अशी अट त्याने घातली.

चाके उतरवल्यावर चित्र बरेच स्पष्ट झाले. उजव्या पुढच्या चाकाच्या नकलमधले (स्टीअरिंगने चाक वळवणाऱ्या सांध्यातले) आतले ऑइल सील गेले होते आणि डिफरन्शियलचे ऑइल नकलमधल्या ग्रीससह शूपर्यंत पोहोचले होते. लायनर काळे, चकचकीत आणि बोटाला तेलकट लागत होते. उजवे चाक कमी धरत होते, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूच्या चाकावर संशय घेण्याची सवय अनेकांना असते. इथे दोष नेमका समोरच्या बाजूला होता.

पेडल खोल जाण्याचे कारण ॲडजस्टमेंटमध्ये सापडले. या जीपच्या प्रत्येक शूला दोन ठिकाणी ॲडजस्टमेंट असते: वर एक्सेंट्रिक कॅम आणि खाली एक्सेंट्रिक अँकर पिन. वरचा कॅम सगळेच फिरवतात. खालच्या अँकर पिनला सहसा कोणी हात लावत नाही, कारण नवीन लायनर बसवताना ती गेज लावून सेट करावी लागते. इथे लायनर बदललेले होते पण अँकर पिन जुन्याच जागी होत्या, त्यामुळे शूचा फक्त वरचा भाग ड्रमला टेकत होता. लायनरच्या खालच्या निम्म्या भागावर घासल्याची खूणही नव्हती.

उतारावरचा आणि पाण्यानंतरचा त्रास मात्र खरोखर ड्रमच्या रचनेतूनच येत होता. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, म्हणून पेडलचा प्रवास वाढतो. लायनरही तापून घर्षण हरवते, आणि ते झाले की पेडल कडक असूनही गाडी थांबत नाही. डिस्क तापली तरी तिची जाडी पॅडच्याच दिशेने वाढते. ड्रममध्ये शिरलेले पाणी आत कोंडून राहते, तर उघड्या डिस्कवरचे पाणी चाकाच्या फिरण्याने आणि पॅडच्या घासण्याने लगेच निघून जाते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच ड्रम पूर्णपणे नीट करणे: सील, लायनर, अँकर पिनसह ॲडजस्टमेंट आणि ड्रमला लेथवर हात. यातून चारपैकी दोन तक्रारी संपल्या असत्या. दुसरा पर्याय पुढच्या काळातल्या जीपचे ११ इंची ड्रम पुढे बसवण्याचा होता. गाडीची जुनी ओळख टिकवणाऱ्यांना तो आवडतो आणि ताकदही वाढते, पण पाण्याचा प्रश्न तसाच राहतो. तिसरा पर्याय पुढे डिस्क आणि मागे ड्रम, तर चौथा मालकाच्या मनातला, चारही चाकांना डिस्क.

चौथा पर्याय आधी बाद झाला. हँडब्रेक ट्रान्सफर केसवर असल्यामुळे मागे डिस्क बसवली तरी पार्किंगची अडचण आली नसती, हे खरे. पण इतक्या आखूड आणि उंच गाडीत जोराचा ब्रेक मारला की बराचसा भार पुढे जातो. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना अधिक ताकद द्यायची म्हणजे ती आधी लॉक होण्याची सोय करायची, आणि मागची चाके आधी लॉक झाली की आखूड व्हीलबेसची गाडी क्षणात आडवी होते. शिवाय या गाडीच्या मागच्या ॲक्सलला टेपरवर बसलेले हब आहेत. ते काढायला जड पुलर लागतो आणि ते काम वाढले असते.

मेकॅनिकचा कल पहिल्या पर्यायाकडे होता आणि मालकाचा तिसऱ्याकडे. मालकाचे म्हणणेही पोकळ नव्हते. गाडी नियमितपणे पाण्यातून आणि लांब उतारांवरून जाणार होती आणि ड्रम कितीही नीट केले तरी त्या दोन तक्रारी राहणारच होत्या. शेवटी तिसरा पर्याय ठरला, पण दोन अटींवर. एकल सर्किटचा मास्टर सिलेंडर जाऊन त्या जागी टँडम, म्हणजे दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलेंडर येईल. आणि ॲक्सलवर काहीही कापले किंवा वेल्ड केले जाणार नाही, म्हणजे पुढे कधी मूळ ड्रम परत बसवता येतील. ब्रेक यंत्रणेतल्या बदलाला अनेक देशांत परवानगी किंवा तपासणी लागते. ती चौकशी सुटे भाग घेण्याआधी करण्यात आली.

मास्टर सिलेंडरचा निर्णय

या कामात सगळ्यांत जास्त विचार मास्टर सिलेंडरच्या बोअरवर, म्हणजे आतल्या व्यासावर, खर्च झाला. डिस्कच्या खरेदीपेक्षाही तो खर्च योग्य ठिकाणी झाला, असे मला वाटते.

ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आणखी आत ओढला जातो आणि पायाच्या जोरात फुकटची भर घालतो. डिस्कला अशी मदत मिळत नाही. म्हणून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) नसलेल्या गाडीत नुसती डिस्क बसवली की पेडल जड होते आणि मालक म्हणतो की पूर्वीचेच बरे होते. बूस्टरचा विचार झाला, पण फ्लोअरखाली तो चिखलात आणि पाण्यात राहिला असता आणि फायरवॉलवर आणायचा तर पेडलची सगळी रचना बदलावी लागली असती. त्यामुळे बूस्टरशिवाय जमते का, हे कागदावर पाहिले गेले.

पेडलचे प्रमाण, म्हणजे पायाचा जोर किती पट होऊन सिलेंडरपर्यंत पोहोचतो ते, मोजल्यावर ६ ला १ निघाले. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) एका ६० मिलिमीटर पिस्टनचा, पॅडचा घर्षणांक ०.३८ आणि डिस्कची परिणामकारक त्रिज्या ११५ मिलिमीटर धरली. माणसांसह सुमारे १,२०० किलोची गाडी ०.८ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट) इतक्या मंदनाने थांबवायची आणि त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा, तर प्रत्येक पुढच्या चाकावर अंदाजे १,२५० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. १ इंच बोअरच्या मास्टर सिलेंडरने तो मिळवायला पेडलवर सुमारे ४३० न्यूटन, म्हणजे जवळपास ४४ किलोचा जोर लागतो. बोअर ७/८ इंच केला तर तोच जोर सुमारे ३३० न्यूटनवर, म्हणजे ३४ किलोच्या आसपास येतो. याची किंमत पेडलच्या प्रवासात मोजावी लागते. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी घटते आणि त्याच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ३१ टक्क्यांनी, प्रवास वाढतो.

गॅरेजमध्ये १ इंचाचा सिलेंडर तयार होता. डिस्कला जास्त ऑइल लागते म्हणून मोठा बोअर हवा, हा समजही प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे. मोठ्या बोअरने पेडल लवकर घट्ट लागते आणि हाताळणाऱ्याला ब्रेक दमदार वाटतो, पण प्रत्यक्ष दाब कमी झालेला असतो. पेडलला पुरेसा प्रवास शिल्लक असल्याची खात्री करून ७/८ इंचाचा टँडम सिलेंडर निवडण्यात आला.

प्रत्यक्ष काम

आधी सील. डिस्क बसवायची असली तरी नकलमधून ऑइल गळत राहिले असते तर ते पॅडवर आले असते, म्हणून दोन्ही बाजूंची सील बदलून किंगपिन बेअरिंगचे शिम पुन्हा लावले गेले.

मूळ ड्रम हबला ज्या स्टडनी धरलेला असतो, त्या स्टडची मान हबमध्ये ठोकून फुगवलेली असते. तो सरळ प्रेसने बाहेर ढकलला तर हबचे भोक मोठे होते आणि नवा स्टड सैल बसतो. कातारी जाणकार होता. त्याने फुगवलेली कड आधी कापून काढली आणि मगच स्टड दाबले. डिस्क हबच्या फ्लँजमागे बसवून लांब स्टड घातले गेले, त्यामुळे चाकांमधले अंतर बदलले नाही. इथे एक छोटी गोष्ट निसटू शकली असती. या गाडीच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड होते. नवे स्टड सरळ आट्यांचे आल्यामुळे आता डाव्या बाजूला पुढचे नट एका दिशेने आणि मागचे दुसऱ्या दिशेने सुटतात. मागच्या डाव्या स्टडच्या टोकांना लाल रंग देऊन ठेवण्यात आला आहे.

कॅलिपरची ब्रॅकेट नकल आणि स्टब (ज्यावर हब फिरतो तो भाग) यांच्यामध्ये, मूळ बॅकिंग प्लेटच्या जागी बसते. बॅकिंग प्लेट पातळ पत्र्याची आणि ब्रॅकेट १० मिलिमीटर जाडीची. ती तशीच बसवली असती तर स्टब बाहेर सरकला असता आणि ड्राइव्ह फ्लँजच्या स्प्लाइनमध्ये ॲक्सल पुरेसा शिरला नसता. म्हणून ब्रॅकेटच्या मध्यभागी खाच मिल करून तिथली जाडी मूळ प्लेटइतकीच ठेवली गेली. कॅलिपरसाठी १०.९ ग्रेडचे बोल्ट वापरले.

डिस्क बसवून डायल गेज लावल्यावर एका बाजूचा रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क डोलण्याचे प्रमाण, ०.१ मिलिमीटरच्या मर्यादेपलीकडे निघाला. डिस्क नवीन असल्यामुळे दोष हबच्या तोंडावरचा, हे उघड होते. तिथे जुन्या रंगाचा आणि गंजाचा थर होता. तो काढून लेथवर हलका हात फिरवल्यावर सुई मर्यादेत आली.

पाइप सगळे नवीन, दुहेरी फ्लेअरचे. पुढचे होज पाइप स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून आणि ॲक्सल खाली लटकवून तपासले गेले, कारण जमिनीवर उभ्या गाडीत पुरेसे वाटणारे होज चाक खड्ड्यात उतरल्यावर ताणले जाते.

चाचणीत उघड झालेल्या गोष्टी

ऑइल भरून हवा काढायला घेतली आणि पेडल स्पंजी लागू लागले. पुन्हा पुन्हा ब्लीडिंग करूनही ते तसेच राहिले. नवा मास्टर सिलेंडर खराब असावा असे ठरून तो उतरवण्याची तयारी सुरू झाली होती. तेवढ्यात हेल्परचे लक्ष हवा काढण्याच्या निपलकडे गेले. दोन्ही कॅलिपर डावे-उजवे उलट बसले होते आणि निपल वरच्या बाजूला असायचे ते खाली आले होते. हवा वर राहते आणि खालच्या निपलमधून फक्त ऑइल बाहेर येते. त्यामुळे कितीही काढले तरी येणारे ऑइल स्वच्छच दिसत होते. कॅलिपरची अदलाबदल केली आणि पेडल घट्ट झाले.

दुसरी अडचण फिरवून आणल्यावर आली. पुढच्या डिस्क हात न लावता येण्याइतक्या तापत होत्या. गाडी जॅकवर घेतली तर पुढची चाके जड फिरत होती. निपल किंचित सैल करताच चाक मोकळे झाले, म्हणजे कॅलिपर अडकलेला नव्हता आणि आत दाब कोंडला होता. पुन्हा दाब देऊन मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी असलेला नट सैल केला, तेव्हाही चाक मोकळे झाले, म्हणजे पाइप किंवा होज तुंबलेले नव्हते, आणि संशय आउटलेटच्या आत गेला. आउटलेटमधल्या सीटमागे ड्रमसाठीचा, लाइनमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवणारा रबरी चेक व्हॉल्व्ह होता. ड्रमला सुमारे १० पीएसआय शिल्लक दाब चालतो, कारण शूच्या स्प्रिंग त्याहून बलवान असतात. डिस्कला अशा स्प्रिंगच नसल्यामुळे तोच दाब पॅडला सतत घासत ठेवतो. व्हॉल्व्ह काढून पुढच्या लाइनवर २ पीएसआयचा बाहेरचा व्हॉल्व्ह लावला गेला. तो पूर्ण वगळता आला नसता. मास्टर सिलेंडर कॅलिपरच्या पातळीखाली असल्यामुळे ऑइल मागे उतरून पिस्टन दूर गेले असते. त्याच वेळी पुशरॉडचा फ्री प्लेही पाहून घेतला, कारण तो नसेल तर हीच लक्षणे दिसतात.

तिसरी गोष्ट अपेक्षित होती. मोकळ्या सपाट जागेत, कमी वेगात, एक माणूस बाजूला उभा करून जोराचा ब्रेक मारला तेव्हा मागची चाके आधी लॉक झाली. मागच्या लाइनवर ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवून, पुढची चाके आधी लॉक होईपर्यंत मागचा दाब कमी केला गेला. ही सेटिंग ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर, गाडी रिकामी ठेवून केली. मागे सामान भरले की मागच्या चाकांची काही ताकद वाया जाते, पण तो सौदा जाणूनबुजून पत्करला.

परिणाम

गाडी आता सरळ थांबते. पाण्यातून बाहेर आल्यावर एक-दोनदा पेडलला स्पर्श केला की ब्रेक पूर्ववत होतात. लांब उतारावर पेडलची उंची बदलत नाही. मालकाची एक नाराजी राहिली आहे: पेडल पूर्वीपेक्षा जड लागते. आकडेमोडीत ते आधीच दिसले होते आणि त्याला सांगितलेही होते.

काही तोटे नंतर कळले. चिखलातून गाडी नेली की पॅड ड्रमच्या लायनरपेक्षा लवकर झिजतात आणि डिस्क व डस्ट शील्डमध्ये खडा अडकला की कर्कश आवाज येतो. त्याहून गैरसोयीचे म्हणजे स्टेपनीला मूळ अरुंद रिम होती आणि ती कॅलिपरवर बसत नाही. टायर पंक्चर होण्याआधी हे लक्षात आले ते केवळ टायर फिरवून लावण्याच्या निमित्ताने.

वेगळे काय करता आले असते

कामाचा क्रम बदलायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. सील, अँकर पिनची ॲडजस्टमेंट आणि टँडम मास्टर सिलेंडर एवढे आधी करून गाडी काही काळ चालवायला हवी होती. ओढण्याची आणि पेडल खोल जाण्याची तक्रार सील आणि ॲडजस्टमेंटनेच मिटली असती. एका गळतीत चारही ब्रेक जाण्याचा धोका संपला तो टँडम सिलेंडरमुळे, डिस्कमुळे नव्हे. मग डिस्ककडून नेमके काय हवे आहे, याचा हिशेब उरलेल्या दोन तक्रारींपुरता राहिला असता. पाण्यातून न जाणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला मी याच टप्प्यावर थांबायला सांगेन.

दुसरे म्हणजे, मागच्या दाबाचा समतोल व्हॉल्व्हवर सोडण्याऐवजी मागे लहान बोअरचे व्हील सिलेंडर लावता आले असते. व्हॉल्व्हची मूठ कोणीही फिरवू शकते; सिलेंडरचा बोअर कोणी चुकून बदलत नाही. सध्या मूठ योग्य जागी तारेने बांधून ठेवली आहे.

चारही रिम आणि स्टेपनी पहिल्याच दिवशी कॅलिपरवर चढवून पाहायला हवी होती. आणि मास्टर सिलेंडर ज्या गाडीसाठी बनला तिला पुढे ड्रम होते की डिस्क, हे तो विकत घेतानाच विचारले असते, तर आउटलेटमधला चेक व्हॉल्व्ह रस्त्यावर नव्हे, टेबलावर सापडला असता.

ऑइल डॉट ४ वापरले आहे. हवेतली ओल शोषून त्याचा उत्कलनबिंदू घटतो: नव्या ऑइलचा किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओल शोषलेल्याचा १५५. फ्लोअरखालच्या टाकीचे झाकण चिखलपाण्याजवळ असल्याने दोन वर्षांची नेहमीची मुदत अर्ध्यावर आणायची, असे ठरले आहे. मालकाने मागेही डिस्क लावण्याचा विषय पुन्हा काढला होता. पुढचे पॅड एकदा पूर्ण झिजून बदलले गेल्यावर मागच्या लायनरची झीज मोजून त्याचे उत्तर द्यायचे, असे मेकॅनिकने त्याला सांगितले आहे.